शांताताईंची सही आणि कोरगावचा सडा

गोव्याला निघायचं म्हटलं की आमच्या बेळगावात लोक आधी टोप्या आणि गॉगल शोधतात. आमच्या गाडीत या वेळी सगळ्यात आधी चढले ते नकाशे. लांबलचक गुंडाळ्या, प्लॅस्टिकच्या नळीत घातलेल्या, आणि त्या चुरगळू नयेत म्हणून माझी बॅग पायाशी. तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही सहल माझी नाही.

नकाशे माझ्या नवऱ्याचे, विनायकचे. तो नगररचना खात्यातून निवृत्त झाला. नोकरीभर त्याने दुसऱ्यांचे लेआउट तपासले. रस्ता अरुंद आहे, बागेची जागा खाल्ली, गटार कुठे सोडलंय, असे लाल पेनाने शेरे मारले. पण स्वतः आखलेलं एकसुद्धा गाव नाही. ही खंत तो बोलून दाखवत नसे, पण कुठल्याही नव्या वसाहतीतून जाताना 'हे असं कोणी करतं का' असं पुटपुटल्याशिवाय त्याला राहवत नसे.

आणि मग दामूचा फोन आला. दामू म्हणजे दामोदर, विनायकचा कॉलेजच्या हॉस्टेलमधला मित्र, पेडण्याजवळच्या कोरगावात मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालेला. त्यांच्या घराण्याची कोरगावच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या जांभ्याच्या पठारावर, मोठी जमीन आहे. तिच्यामागे एक व्हिला बांधणारा लागला होता. धाकटा भाऊ सुरेश म्हणत होता, विकून मोकळे होऊ. दामूचं म्हणणं वेगळं. वर्षातून चार दिवस दिवे लागणारे बंगले नकोत, माणसं बारा महिने राहतील असं छोटं नवं नगर वसवू. स्वतःचं पावसाचं पाणी वापरणारं, सूर्याची वीज, कचरा जिथल्या तिथे जिरवणारं. "तू आखून दे," तो विनायकला म्हणाला, "घरच्यांना पटलं तर बिल्डरला नमस्कार. नाही पटलं तर मी सुरेशला थांबवू शकणार नाही."

त्यानंतर आमचं जेवणाचं टेबल गेलं. आम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवत होतो आणि टेबलावर नगर उभं राहत होतं.

एप्रिलचे पहिले दिवस. पहाटे निघून जांबोटीमार्गे चोर्ला घाट धरला. तुम्ही जाणार असाल तर एक सांगते. चोर्ल्याचा रस्ता चांगला आहे असं कोणी म्हणालं, तर त्याला शेवटचा कधी गेला होतास ते विचारा. आम्हाला अर्धा चांगला मिळाला आणि उरलेल्या अर्ध्यात नकाशांची नळी मी मांडीवर धरून बसले. कणकुंबीला चहा घ्या, त्यापुढे घाट उतरून केरीला पोचेपर्यंत फारसं काही मिळत नाही. सकाळी घाटात गारवा होता आणि खाली उतरल्यावर काजूच्या बोंडांचा आंबूस-गोड वास खिडकीतून आत आला. त्या वासाने माझा सगळा राग गेला.

साखळीवरून डिचोलीला आलो. बाजारातल्या एका छोट्या हॉटेलात पातळ भाजी, उंडे आणि मिरची-भजी खाल्ली. उंडे म्हणजे गोव्याचा गोल, जरा कडक पाव, भाजीत बुडवून खायचा. दोघांचं पोट भरून खिशाला काही कळलं नाही. डिचोलीला गेलात तर बुधवारी जा, बाजाराचा दिवस असतो. आम्ही गुरुवारी गेलो.

दामूने एक काम सांगितलं होतं. थोरल्या बहिणीला, शांताताईंना, डिचोलीहून बरोबर आणायचं. त्या या भावंडांत सगळ्यात मोठ्या, लग्न होऊन डिचोलीजवळ आलेल्या, आता एकट्या. घर शहराबाहेर, आणि घरासमोर डोंगर असावा तिथे खाणीतून काढलेल्या मातीचा ढिगारा. खाण बंद पडून बरीच वर्षं झाली, ढिगाऱ्यावर झुडपं वाढलीत, पण अंगणातला तांबडा रंग गेलेला नाही. ताई दारातच उभ्या होत्या. नऊवारी नव्हे, साधी सुती पाचवारी, केसात अबोलीचा वळेसर, हातात पिशवी.

"आयलां मगे तुमी! हांव मागल्यान बसतां. माका जनेलाकडेन जाय, ना जाल्यार माथें घुंवता."

जनेल म्हणजे खिडकी. त्या खिडकीशी बसल्या आणि नकाशांची नळी आपण होऊन मांडीवर घेतली. "हांतूं कितें आसा?" त्यांनी विचारलं. विनायक आरशात बघत म्हणाला, "घरी गेल्यावर सगळ्यांना दाखवतो ताई, प्लॅन आहे." ताई "बरें" म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. मला तेव्हाच कसंतरी वाटलं. पण मी बोलले नाही, कारण नकाशा सगळ्यांसमोर एकदम उघडायचा हे विनायकने घरी चारदा बजावलं होतं.

गाडी चालू झाल्यावर त्या म्हणाल्या, आधी नार्व्याला चला. सप्तकोटेश्वराला. "सही करचे पयलीं देवाक सांगून येवपाचें." विनायकने माझ्याकडे बघितलं. सहीचं त्याला कोणी बोललं नव्हतं.

नार्वे मात्र सुरेख आहे, वाट वाकडी करून जावं असं. मयेच्या बाजूने उतरता उतरता सावली दाट होते, माणसांचा आवाज कमी होतो. देऊळ उंच नाही, भपका नाही. समोर दीपस्तंभ, मागे झाडी, आणि पुढे नदीकाठची शेतं. आम्ही गेलो तेव्हा पुजाऱ्यांखेरीज कोणी नव्हतं. ताई डोळे मिटून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग पायरीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "आमचे दारांत झर आसली गो. बारा म्हयने उदक. दोंगर काडलो, झर सुकली. आतां टँकर येता." तक्रारीच्या सुरात नाही, सहज सांगावं तसं. मी पाण्याची बाटली पुढे केली, त्यांनी दोन घोट घेतले.

अस्नोड्यावरून कोलवाळचा पूल ओलांडून कोरगावात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. दामूची बायको सुमित्रावैनी ओट्यावरच नीरो घेऊन उभ्या. नीरो म्हणजे काजूच्या बोंडांचा ताजा रस, न आंबवलेला. तो त्याच दिवशी प्यायचा असतो. दुसऱ्या दिवशी तो वेगळ्या लोकांचा होतो. मी दोन पेले प्यायले आणि नगर, नकाशे, चोर्ला, सगळं विसरले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पुरुषमंडळी सड्यावर निघाली आणि मी त्यांच्यामागे. घरामागे काजूचा उतार आहे, त्यात एक बारमाही झरा, आणि तो उतार चढून वर गेलं की एकदम आभाळ. एप्रिलात सडा म्हणजे काळा, खरखरीत, तापलेला दगड. जळालेलं गवत, एखादं करवंदीचं जाळं. लांब पश्चिमेला समुद्राची रेघ. विनायकचे डोळे चमकत होते. तो हात लांब करून दाखवत होता, इथे चौक, इथे शाळा, तिथे घरांच्या ओळी, गाड्या सगळ्या बाहेर, आत फक्त पायवाटा. "आणि मुख्य म्हणजे," तो दामूला म्हणाला, "एकही झाड तोडायचं नाही. काजूचा उतार जसाच्या तसा. नगर उभं राहील ते या पडीक दगडावर."

मला मनापासून अभिमान वाटला. मी त्याला एरवी कितीही टोमणे मारले तरी तो माणूस त्या दगडावर उभा राहून खरोखर शाळेची घंटा ऐकत होता.

दुपारी सोप्यावर, म्हणजे घराच्या पुढच्या बैठकीत, नकाशा उघडला. सुरेश हरमलहून आला होता. तिथे त्याच्या भाड्याच्या खोल्या आहेत, स्कूटरही भाड्याने देतो. खुर्च्यांवर दामू, सुरेश, विनायक. बायका दाराशी. सुरेशने नकाशा बघून मान डोलावली. "बरें आसा. बिल्डरापरस उणें मेळटलें, पूण नांव तरी रावतलें." पैसे कमी, पण नाव राहणार, म्हणून दामू खूश. विनायकने कपाळ पुसलं.

"गाड्यो भायर?" दाराशी उभ्या सुमित्रावैनींनी विचारलं.

"हो. आत चालत."

"मगे नुस्तेंवाली खंय येतली? ती स्कूटरीर येता. हांव नुस्तें हाडूंक मैलभर चलत वचूं?"

सगळे हसले. नुस्तें म्हणजे मासे, आणि मासे दारात न येणाऱ्या गावाला पेडण्यात कोणी गाव म्हणेल असं वाटत नाही. विनायकने हसत हसत पेन्सिलने मासेवालीसाठी एक वाट काढली. वातावरण हलकं झालं. दामू म्हणाला, चला, मग ठरलं.

"ठरलें कशें?" शांताताई आतून आल्या. "म्हजी सही जाय न्ही?"

सुरेश म्हणाला, "ताई, तुजी सही म्हणल्यार... आमी तुका साडी दितले मगे, दर खेपे सारकी."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी आम्हा बेळगावकरांना ठाऊकच नव्हती. गोव्यात वडिलांच्या जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच, आणि लग्न झालेल्या पुरुषाच्या जमिनीवर बायकोचाही हक्क. विकायची, बांधायची तर सगळ्यांच्या सह्या लागतात. पण घरोघरी रीत अशी की बहीण माहेरी येते, जेवते, भावांनी दाखवलेल्या जागी सही करते आणि साडी-नारळ घेऊन परत जाते. आणि आम्ही बेळगावहून आलेल्या शहाण्यांनी नकाशा फक्त खुर्च्यांवरच्यांना दाखवला होता. तोही ताईंच्या मांडीवरून आणून.

ताई नकाशाजवळ आल्या. "हांगा कितें?"

"शाळा," विनायक म्हणाला.

"आनी हें?"

"ही दामूची घरं. हे सुरेशचं."

ताईंनी कागदावरून बोट फिरवलं. बोट थांबलं नाही. मग त्या विनायककडे बघून म्हणाल्या, "सड्यार नाका. सड्याक हात लावशात जाल्यार हांव सही करची ना. बिल्डराकूय ना, तुमकांय ना."

विनायकने समजावलं. त्याचं म्हणणं पक्कं होतं, झाडं वाचवण्यासाठीच दगड निवडलाय. ताईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काजी परत लावपाक येता रे भावा. सडो परत लावपाक येता? आमचे थंय दोंगर व्हेलो, दुसरो कोणें हाडून लायलो?"

सुमित्रावैनी हळूच म्हणाल्या की पावसात त्याच दगडावरच्या खोलगट मातीत त्या तवशीं, म्हणजे काकड्या लावतात, आणि सड्यात मुरलेलं पाणी खालच्या विहिरीला येतं. विनायकने नकाशाकडे बघितलं. त्यावर त्या जागेचं नाव त्यानेच लिहिलं होतं, पडीक. सुरेश वैतागून म्हणाला, मग आता विकायलाही नको आणि बांधायलाही नको, करायचं काय, आणि पाय आपटत स्कूटर काढून निघून गेला. जाताना मात्र मला म्हणाला, "वैनी, सांजेक हरमला येयात. राग म्हजो ताईचेर, तुमचेर न्हय."

म्हणून संध्याकाळी आम्ही हरमलला. दहाएक किलोमीटरचा रस्ता, शेवटी गल्ल्या इतक्या अरुंद की गाडी बाहेरच लावावी. एप्रिलात गर्दी ओसरलेली असते, खोल्यांचे भाव डिसेंबरच्या निम्म्यावर येतात, घासाघीस करा, कोणी रागवत नाही. सुरेशने तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं आणि सोलकढी खिलवली. किनाऱ्यावर एक कोळीण जाळं झटकत होती, परदेशी माणसं सूर्याकडे तोंड करून बसली होती. विनायक ताटाकडे बघत होता.

"आयुष्यात एक गाव," तो मला म्हणाला, "तेही गेलं."

मला त्याला चिडवायची सवय आहे, पण तेव्हा जीभ वळली नाही. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "तू ताईंना विचारलंस का, त्यांना काय हवंय?"

"म्हणाल्या ना, सडा नको."

"ते काय नको झालं. हवंय काय?"

सुरेश बाजूला बसून ऐकत होता. तो समुद्राकडे बघत म्हणाला, "आमीय केन्ना विचारूंक ना."

तिसऱ्या दिवशी आम्हाला परतायचं होतं. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंपू वाजवत आला. ताई ओट्यावर गरम पोळी घेऊन बसल्या. ही गोव्याची पोळी, कोंड्याची, पोकळ फुगलेली. विनायक त्यांच्या शेजारी जाऊन खाली बसला. खुर्ची रिकामी होती, तरी खाली.

"ताई, सडा सोडला. पण मला एक सांगा. तुम्हाला हवंय काय?"

ताईंनी पोळीचा तुकडा मोडला. बराच वेळ त्या चहात बुडवत राहिल्या. मग म्हणाल्या, "दामूचें घर आसा थंय. सुरेशाचें आसा. म्हजें खंय आसा?"

दामू दारात उभा होता. त्याच्या हातातला पेला तसाच राहिला.

"हांव हांगा जल्मलां. साडी कितली न्हेसूं रे? पेटी भरली." त्यांचा आवाज चढला नाही. "तो ढिगारो पळोवन दोळे दुखतात. माका हांगा एक कूड जाय. एकूच. झरीर."

एका खोलीचं ते मागणं ऐकून मी सरळ रडले. सुमित्रावैनीही. दामू पुढे येऊन ताईंच्या पायाशी बसला आणि लहान मुलासारखा म्हणाला, "ताई, तुवें सांगूंक ना गो." आणि ताई फाडकन म्हणाल्या, "तुवें विचारूंक ना रे!" तेव्हा सगळे रडता रडता हसले.

त्यानंतर जे झालं ते मला फार आवडलं. नकाशा घरातच राहिला आणि सगळी वरात काजूच्या उतारावर निघाली. सुरेशही हरमलहून आला. ताई पुढे, काठी टेकत. जिथे झऱ्याचं पाणी दगडी कुंडीत पडतं तिथून थोडं वर, जुन्या, फळ न देणाऱ्या काजींच्या पट्ट्यात त्या थांबल्या. सकाळी ऊन येतं, दुपारी सावली, आणि पोदेराचा भोंपू ऐकू येतो, असं त्यांनी सांगितलं. वैनींनी आपली जागा दाखवली, रस्त्याला लागून, मासेवालीसाठी. सुरेशने विचारलं, "मगे म्हज्या स्कूटरी?" ताई म्हणाल्या, "तुज्यो स्कूटरी हरमलाक." विनायक मागे फिरत होता, हातात फक्त पेन्सिल आणि एक पाकीट, त्याच्या पाठीवर खुणा करत. उतारावर मोठं नगर बसत नाही. जुन्या झाडांचा पट्टा जेवढा, तेवढीच घरं. दगडी पायऱ्यांच्या कडेने, एकाच्या अंगणातून दुसऱ्याच्या मागीलदारी जाणारी. जेवढी झाडं जातील त्याहून जास्त लावायची, आणि सड्याला कोणी बोट लावायचं नाही.

"इतलें जालें जाल्यार हांव सही करतां," ताई म्हणाल्या. "आनी साडी नाका."

सुरेशने तिथूनच बिल्डरला फोन लावला. काय बोलला ते नीट ऐकू आलं नाही, पण शेवटचं वाक्य मोठ्याने होतं. "म्हजी भयण ना म्हणटा. तिची सही नासतना कांयच जायना."

निघताना वैनींनी हरमलची सुकी मिरची आणि काजूगर बांधून दिले. गोव्यात पेट्रोल आमच्याकडच्यापेक्षा स्वस्त पडतं, म्हणून टाकी तिकडेच भरून निघा. परतीला ताईंना डिचोलीला सोडलं. त्या उतरल्या आणि ढिगाऱ्याकडे न बघता घरात गेल्या. चोर्ला चढून कणकुंबीला चहा घेताना विनायक म्हणाला, "नगर आखायला गेलो आणि वाडी हातात आली."

"तुझ्या त्या नगरात कोणी राहायला येणार होतं का, ते तरी कुठे ठाऊक होतं?" मी म्हटलं. "या वाडीत एक माणूस पक्कं आहे."

तो हसला, चहा सांडला, आणि मग बेळगावपर्यंत उताराला गटार कसं काढायचं यावर माझं डोकं खाल्लं.

या सहलीतून काय उरलं, असं विचाराल तर नार्व्याची शांतता उरली, नीरोची चव उरली, आणि गोव्यात समुद्राकडे पाठ करूनही तीन दिवस मजेत जातात ही माहिती उरली. पर्यावरण म्हणजे फक्त पाणी, वीज, झाडं असं मी समजत होते. कोणाला कुठून हुसकावलं आणि कोणाला कुठे परत यायचंय, हेही त्यात धरायचं असतं, हे मला कोरगावच्या ओट्यावर पहिल्यांदा पटलं.

आमचं जेवणाचं टेबल पुन्हा गेलंय. परवा सकाळी चहा घेऊन गेले तर विनायक नवा कागद अंथरून बसला होता. कोऱ्या उतारावर झऱ्याची रेघ, आणि तिच्याजवळ एकच छोटा चौकोन. नोकरीभर त्याने घरांना आकडेच दिले. हा प्लॉट अमुक, तो प्लॉट तमुक. सवयीने मी विचारलं, "याचा नंबर किती?"

"याला नंबर नाही," तो म्हणाला, आणि चष्मा वर करून चौकोनात स्वच्छ अक्षरात लिहिलं: शांताताई.